‘साहित्य पाठवावे’ : लघुनियतकालिकांचे निवेदन आणि संपादकाचे वाचन

१

शहाजीराजांच्या बंगळूर येथील दरबारात जयराम पिंड्ये हा कवी आला तेव्हा त्याने राजापुढे बारा नारळ ठेवले आणि त्यांचा अर्थ विचारला असता आपणांस बारा भाषांत काव्यरचना करता येते असे सांगितले, अशी हकीकत त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’वरून समजते. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठी वाचकांस ही हकीकत परिचित आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावरील या प्रसंगात कवी आणि त्याचा परीक्षक समोरासमोर आहेत. कवीला समस्या घातली जाते, तो तिची पूर्ती करतो, सभा ऐकते, आणि निर्णय तेथल्या तेथे होतो. निर्णय चुकीचा असू शकेल. परंतु तो कोणी दिला आणि कशाच्या आधारे दिला, हे कवीला आणि सभेला दिसत असते.

मुद्रित नियतकालिकाच्या आगमनाबरोबर ही व्यवस्था पालटली. लेखक संपादकास पाहत नाही, संपादक लेखकास ओळखत नाही, आणि दोघांच्यामध्ये टपाल उभे राहते. या अपरिचित अंतरावरून संपादक लेखकास जे पहिले वाक्य बोलतो ते अंकाच्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापलेले असते : ‘साहित्य पाठवावे.’ त्यामागोमाग काही अटी येतात. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे, साहित्य अप्रकाशित असावे, अमुक तारखेच्या आत पोचावे, नापसंत साहित्य परत हवे असल्यास पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे. आज टपालाची जागा पडद्याने घेतली आहे, तथापि या निवेदनाचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

समीक्षेने या निवेदनाचा विचार फारसा केलेला नाही. नियतकालिकाची भूमिका शोधावयाची झाल्यास अभ्यासक त्याचे संपादकीय लेख वाचतात, वाद चाळतात, विशेषांकांची यादी करतात. निवेदन हे व्यवस्थापकीय बाब म्हणून बाजूस ठेवले जाते. वस्तुतः कोणते लेखन आपण वाचण्यास तयार आहो आणि कोणते न वाचताच वगळणार आहो, याचा पहिला निर्णय निवेदनातच झालेला असतो. समीक्षा अंकात छापलेल्या कथेपासून सुरू होते असे आपण मानतो. परंतु ती कथा अंकापर्यंत पोचली त्याच्या आधीच एक समीक्षा होऊन गेलेली असते, आणि तिच्याविषयी कोणी जाब विचारीत नाही. प्रस्तुत विवेचनात बंगळूर या एका बहुभाषिक शहराच्या निमित्ताने, आणि मराठीतील अनुभव शेजारी ठेवून, या जाबाचाच विचार करावयाचा आहे.

२

बंगळूरच्या वाङ्मयीन जीवनाकडे पाहिले असता नियतकालिकाच्या प्रवेशद्वाराचे निरनिराळे प्रकार तेथे आढळतात.

पहिला प्रकार मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या ‘जीवन’चा. मास्तींनी १९४३ साली म्हैसूर संस्थानाची नोकरी सोडली आणि १९४४ पासून १९६५ पर्यंत या मासिकाचे संपादन केले. एकवीस वर्षे एका कथाकाराने चालविलेल्या मासिकाचे दार म्हणजे त्या कथाकाराची अभिरुचीच होय. त्यात एक मर्यादा उघड आहे. तरीही लेखन पाठविणाऱ्यास आपण कोणाकडे पाठवीत आहो हे ठाऊक असते. मास्तींच्या कथा त्याने वाचलेल्या असतात, त्यांस काय रुचेल याचा अदमास त्यास असतो, आणि नकार आला तरी तो एका नावाचा नकार असतो.

दुसरा प्रकार चळवळीच्या नियतकालिकाचा. गोपालकृष्ण अडिग यांनी १९६२ साली सुरू केलेले ‘साक्षी’ हे कन्नड नव्यसाहित्याचे व्यासपीठ होते. ते बंगळूरपुरते नव्हते. अडिगांच्या अध्यापनाची गावे म्हैसूर, सागर, उडुपी अशी बदलत गेली. परंतु बंगळूरमधील तरुण लेखकांच्या मनावर त्याचा जो ठसा उमटला त्यावाचून पुढील कन्नड लेखन समजत नाही. अशा नियतकालिकात निवेदनाचे काम संपादकाची कविताच करते. अडिगांचा ‘भूमिगीत’ हा संग्रह १९५९ साली आलेला होता. तो ज्याने वाचला त्यास कोणते लेखन येथे मागविले जात आहे हे वेगळे सांगावे लागत नव्हते. चळवळीचे दार अरुंद असते, आणि ते तसे असणे काही काळ न्याय्यही असते. नव्या संवेदनेला आरंभी स्वतःभोवती कुंपण घालावे लागते.

तिसरा प्रकार पी. लंकेश यांच्या ‘लंकेश पत्रिके’चा. १९८० साली निघालेले हे साप्ताहिक राजकीय होते, त्याचा खप मोठा होता, म्हणून त्यास लघुनियतकालिक म्हणता येणार नाही. परंतु जाहिरातींवाचून केवळ वाचकांच्या बळावर चालण्याचा जो बाणा लघुनियतकालिके मिरवितात, तो या पत्राने प्रत्यक्षात आणला. लेखकाच्या प्रवेशाचा प्रश्न येथे अत्यंत उद्बोधक रीतीने सुटलेला दिसतो. कासरगोडच्या सारा अबूबकर यांचा लेख १९८१ साली या पत्रात आला आणि पुढे त्यांची ‘चंद्रगिरिय तीरदल्ली’ ही कादंबरी याच पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. त्यांच्या घरची भाषा मल्याळम, शिक्षणाची कन्नड. बानू मुश्ताक यांनीही काही वर्षे या पत्रासाठी वार्ताहर म्हणून काम केले. दीपा भास्ती यांच्या अनुवादातून आलेल्या त्यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहास २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. मुस्लिम स्त्रीच्या जीवनावर कथा मागविण्याचा विषय जाहीर करून या लेखिका सापडलेल्या नाहीत. स्वतःस लेखक न म्हणविणाऱ्या वाचकाचा मजकूरही गंभीरपणे वाचावयाचा, ही सवय संपादकास होती. तिचे हे फळ आहे.

चौथा प्रकार विवेक शानभाग यांच्या ‘देश काल’ या त्रैमासिकाचा. २००५ ते २०१२ अशी सात वर्षे बंगळूरहून निघालेल्या या त्रैमासिकाचे नाव मराठी वाचकासही अनुवादावाचून कळावे असे आहे. व्यवसायाने अभियंता असलेल्या एका कथाकाराने नोकरी सांभाळून ते चालविले. सात वर्षांची मर्यादित आयुर्मर्यादा, विचारपूर्वक योजलेले अंक आणि संपादकाची सावध निवड हे त्याचे विशेष होत. अशा नियतकालिकात लेखकाकडून लेखन मागवून घेण्याचे काम दारावर आलेले लेखन चाळण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. कोणास लिहिते करावयाचे हे ठरविणारा संपादक एका अर्थी लेखनाचा सहनिर्माता असतो.

या चार प्रकारांच्या जोडीस आजच्या बंगळूरमध्ये इंग्रजी लेखनाचे एक निराळे जग आहे. इंदिरा चंद्रशेखर यांनी २०१० साली सुरू केलेले ‘आउट ऑफ प्रिंट’ हे भारतीय उपखंडाशी निगडित लघुकथांचे नियतकालिक कागदावर निघतच नाही. त्याच्या नावातील श्लेष त्यामुळे अर्थपूर्ण झाला आहे. २००४ साली बंगळूर येथे स्थापन झालेली ‘टोटो फंड्स द आर्ट्‌स’ ही संस्था अठरा ते एकोणतीस या वयोगटातील लेखकांकडून दरवर्षी साहित्य मागविते आणि इंग्रजीबरोबर कन्नड लेखनासही स्वतंत्र पारितोषिक देते. या जगात निवेदन हीच मुख्य संस्था आहे. संपादकाचे व्यक्तिमत्त्व मागे सरते, नियमांची यादी पुढे येते, आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील अनोळखी तरुणास त्या यादीच्या आधारे आत येता येते. मास्तींच्या मासिकाहून हे दार निःसंशय रुंद आहे. प्रश्न एवढाच उरतो की दाराआड वाचणारा कोण आहे, आणि तो कसा वाचतो.

३

या प्रश्नाचे एक जुने उत्तर मराठीत दोन शब्दांत नोंदलेले आहे : ‘साभार परत.’

मराठी नियतकालिकांत लेखकास आमंत्रण देण्याची प्रथा प्रबळ आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाढत गेलेली दिवाळी अंकांची परंपरा मुख्यतः मागविलेल्या लेखनावर उभी आहे. नवोदितास त्यात शिरकाव मिळावयाचा तो बहुधा कथास्पर्धेच्या मार्गाने. याउलट १९३३ ते १९८२ या काळात चाललेल्या ‘सत्यकथे’ने आपले दार अनाहूत लेखनास खुले ठेवले आणि त्या दारावर कठोर पहारा बसविला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाविषयी मराठी लेखकांनी जे सांगितले आहे त्याचा मथितार्थ असा, की तेथे हस्तलिखित ओळीओळीने वाचले जाई, दोष कळविले जात, आणि लेखकास तीच कथा पुनःपुन्हा लिहावी लागे. ‘साभार परत’ या शब्दांची मराठी लेखकांनी पुष्कळ थट्टा केली. परंतु त्या शिक्क्यात दोन गोष्टींची हमी होती : लेखन पोचले, आणि कोणीतरी ते वाचले.

या शिस्तीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दीर्घकाळ एकाच दारातून आत जाणारे लेखन त्या दाराच्या मापाचे होऊ लागते. ‘सत्यकथे’ला काय आवडते हे लेखकांस कळू लागले आणि कळल्यावर काहींनी तसेच लिहिले. मापाचा साचा झाला. पन्नासच्या दशकाच्या मध्यास चक्रमुद्रित स्वरूपात निघालेले ‘शब्द’, अशोक शहाणे यांनी १९६३ साली काढलेले ‘असो’, आणि त्यानंतरची ‘वाचा’, ‘भारुड’, ‘येरू’ यांसारखी अनियतकालिके या साच्याविरुद्ध उभी राहिली. १९६९ साली ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी करण्यात आली, तिचा रोख एखाद्या कथेवर नव्हता, कोणी कोणास परत पाठवावे या अधिकारावर तो होता.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावयास हवी. बंडखोर अनियतकालिकांस ‘साहित्य पाठवावे’ हे निवेदन बहुधा लागलेच नाही. ती मित्रमंडळांतून निघत, आणि लेखक व संपादक एकाच टेबलाभोवती बसत. या मैत्रीतून अरुण कोलटकर व दिलीप चित्रे यांच्यासारखे कवी आणि राजा ढाले यांच्यासारखे बंडखोर मराठीस मिळाले, म्हणून तिचे मोल कमी लेखता येत नाही. परंतु जो त्या टेबलापर्यंत पोचू शकत नव्हता, मुंबईत राहत नव्हता, कोणास ओळखत नव्हता, त्याच्या दृष्टीने ‘सत्यकथे’चे कडक दार आणि या वर्तुळाचे अदृश्य दार यांत फारसे अंतर नव्हते. कडक दाराला निदान पत्ता होता.

ही उणीव गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने भरून काढली. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेहून निघू लागलेल्या या त्रैमासिकाने दलित लेखकांकडून नुसते लेखन मागविले नाही, तर लेखक-वाचक मेळावे भरवून त्या लेखनावर समक्ष चर्चा घडविली. म्हणजे निवेदनाला वाचनाची जोड दिली, आणि ते वाचन उघड्यावर आणले. साठोत्तरी मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रवेशाच्या प्रश्नाचा सर्वांत समाधानकारक उलगडा येथे झालेला आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

४

आजच्या निवेदनांतील काही कलमे या पार्श्वभूमीवर तपासून पाहता येतील. विशेषतः भारतीय भाषांतील लेखन इंग्रजी अनुवादातून मागविणाऱ्या नियतकालिकांच्या बाबतीत ती महत्त्वाची आहेत. कारण मराठीतील लेखक देशभरच्या वाचकापर्यंत पोचतो तो पुष्कळदा याच अरुंद पुलावरून.

शब्दमर्यादेचे कलम वरवर निरुपद्रवी दिसते. काही हजार शब्दांची मर्यादा व्यवहारतः आवश्यक असते हे मान्य. परंतु मराठीत दीर्घकथा हा एक समृद्ध प्रकार आहे आणि दिवाळी अंकांच्या पानांनी तो पोसलेला आहे. मर्यादेच्या एका आकड्याने हा सगळा प्रकार अनुवादाच्या कक्षेबाहेर जातो. शानभागांची ‘घाचर घोचर’ ही दीर्घकथा श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादातून २०१५ साली स्वतंत्र पुस्तकरूपाने आली आणि दूरवर वाचली गेली. नियतकालिकांच्या मापात न बसणाऱ्या लेखनात काय सामर्थ्य असू शकते, याचे हे बंगळूरचेच उदाहरण आहे.

‘अप्रकाशित’ या शब्दाची तर व्याख्याच संदिग्ध आहे. तीस वर्षांपूर्वी दिवाळी अंकात आलेल्या कथेचा पहिला इंग्रजी अनुवाद अप्रकाशित समजावयाचा की प्रकाशित? काही नियतकालिके हे स्पष्ट करतात, काही करीत नाहीत. आणि जेथे स्पष्टता नसते तेथे प्रामाणिक अनुवादक मागे राहतो. तसेच आपली कविता स्वतःच्या संकेतस्थळावर चार मित्रांसाठी ठेवणारा नवोदित कवी अनेक ठिकाणी या कलमान्वये अपात्र ठरतो. ज्याच्याजवळ दुसरे कोणतेच व्यासपीठ नव्हते, नेमके त्यालाच हे कलम शिक्षा करते.

सर्वांत विचारणीय कलम अनुवादाविषयीचे होय. अनुवादाबरोबर मूळ संहिता आणि मूळ लेखकाची अनुमती जोडावी, अशी अट सर्वत्र आढळते. अनुमतीची अट न्याय्यच आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क टिकतो, आणि तो राखला गेला पाहिजे. मूळ संहितेचे मात्र पुढे काय होते? मराठी वाचू शकणारा कोणी संपादकमंडळात नसेल तर ती संहिता केवळ एक जोडपत्र होऊन पडते, आणि अनुवादाची परीक्षा त्याच्या इंग्रजीच्या गुळगुळीतपणावरून केली जाते. आत्या, मावशी, काकू आणि मामी या चार स्त्रियांना मराठी कथेत चार निरनिराळी स्थाने असतात. आत्या माहेरच्या हक्काने बोलते, मावशी आईच्या मायेने बोलते, आणि कथेतील ताण कित्येकदा याच भेदावर उभा असतो. इंग्रजीत चौघींसही एकच शब्द पुरतो. जो अनुवादक हा भेद राखण्यासाठी मूळ शब्द ठेवतो त्याचा मजकूर अडखळता वाटतो. जो भेद पुसून टाकतो त्याचा मजकूर सहज वाटतो. मूळ न वाचणारा परीक्षक दुसऱ्यास पसंती देणार, यात त्याचा दुष्टावा नाही. त्याच्या हाती दुसरे मापच नाही. अशा निवडीतून हळूहळू भारतीय भाषांतील कथेची एक सपाट प्रतिमा तयार होते आणि तीच प्रातिनिधिक मानली जाते.

बंगळूरच्या नियतकालिकांस या बाबतीत सबब सांगता येणार नाही. त्या शहरात कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, दखनी, कोंकणी आणि मराठी वाचणारी माणसे शेजारीशेजारी राहतात. मास्तींच्या घरची भाषा तमिळ होती. कन्नड वाङ्मयात ज्यांचा अधिकार वादातीत आहे त्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची मराठी आणि गिरीश कर्नाड यांच्या घरची कोंकणी. एका भाषेत जगून दुसरीत लिहिणे हा जेथील वाङ्मयाचा पायाच आहे, तेथे मूळ संहिता वाचणारा एक जाणकार शोधणे अशक्य नसावे.

उरलेली दोन कलमे पैशाची आणि मौनाची. अमेरिकेतील अनेक नियतकालिके लेखन स्वीकारण्यापूर्वी सुमारे ३ डॉलर वाचनशुल्क घेतात. म्हणजे जवळपास २५० रुपये. नांदेडच्या किंवा बेळगावच्या विद्यार्थ्याने चार ठिकाणी कविता पाठवावयाची म्हटली तर हा खर्च क्षुल्लक नव्हे. ज्याचे लेखन नाकारले जाईल त्याच्या पैशावर ज्याचे स्वीकारले जाईल त्याचा अंक निघावा, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. मौनाचे कलम तर याहून अधिक रूढ झाले आहे : अमुक महिन्यांत उत्तर न आल्यास साहित्य अस्वीकृत समजावे. ‘साभार परत’मध्ये असलेली वाचनाची हमी या कलमाने काढून घेतली आहे. नकार पचवून पुन्हा लिहिणारे लेखक प्रत्येक पिढीत असतात. परंतु आपले लेखन वाचले गेले की नाही हेच ज्यास कळत नाही, त्याला सुधारावयाचे काय हेही कळत नाही. कोणी वाचीत नाही असा समज होऊन तो लिहिणे थांबवितो, आणि अशा थांबलेल्या लेखकांची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात होत नाही.

५

याविरुद्ध एक आक्षेप उभा राहतो आणि तो वजनदार आहे. लघुनियतकालिक म्हणजे एकदोन माणसांच्या नोकरीनंतरच्या संध्याकाळी. त्यांच्याकडून प्रत्येक लेखकास सविस्तर उत्तराची अपेक्षा करणे म्हणजे अंकच बंद पाडणे होय. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच, की जितके वाचता येईल तितकेच मागवावे. वर्षभर दार उघडे ठेवून मौन पाळण्यापेक्षा वर्षातून पंधरा दिवस ते उघडावे आणि त्या पंधरा दिवसांत आलेले सर्व वाचावे, हे अधिक सचोटीचे आहे. ज्यास तेवढेही शक्य नसेल त्याने मागविलेल्या लेखनावरच अंक काढावा आणि तसे स्पष्ट सांगावे. न पाळलेल्या निवेदनापेक्षा बंद दार बरे. त्यापुढे कोणी व्यर्थ ताटकळत राहत नाही.

जो निवेदन छापतो त्याच्याकडून मात्र काही किमान गोष्टींची अपेक्षा वाङ्मयसमाजाने धरली पाहिजे. लेखन कोण वाचतो त्याचे नाव कळावे. नकार एका ओळीचा असला तरी चालेल, पण तो कळविला जावा. अनुवाद मागविणाऱ्याने मूळ भाषा जाणणाऱ्यास तो दाखवावा, आणि अनुवादकाचे नाव मूळ लेखकाच्या नावाशेजारी छापावे. वाचनशुल्क घेऊ नये. मानधन देता येत नसेल तर तसे आधी सांगावे. वर्षाच्या शेवटच्या अंकात किती लेखन आले, किती स्वीकारले, कोणत्या भाषांतून आणि कोणत्या गावांतून आले, याचा अर्ध्या पानाचा हिशेब द्यावा. हे अर्धे पान कित्येक संपादकीयांपेक्षा अधिक बोलके ठरेल, आणि पुढील अभ्यासकास आजच्या अभिरुचीचा इतिहास लिहिताना अनुमानावर विसंबावे लागणार नाही.

या मागण्यांना खर्च फारसा नाही. लागते ती वाचनाची चिकाटी. सारा अबूबकर यांचा पहिला लेख ज्या टेबलावर आला तेथे तो कोणीतरी शेवटपर्यंत वाचला, आणि त्यांच्या कादंबरीस वाट मिळाली. आज देशभर शेकडो निवेदने प्रसिद्ध होत असताना अशी टेबले किती आहेत, हा प्रश्न संपादकांनी स्वतःस आणि समीक्षकांनी संपादकांस विचारला पाहिजे. तो विचारला गेला नाही तर निवेदने वाढत जातील, अंकही निघत राहतील, आणि दारापर्यंत येऊन परतलेल्या लेखनाविषयी मराठीस किंवा कन्नडास कधी काहीच कळणार नाही.